काढून टाकलेल्या चाळीस ओळी

मी, दमयंती विष्णुपंत निसळ, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार पारनेर, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या तोंडात अजून नगरच येतं), पूर्ण शुद्धीत राहून माझ्या मागे काय व्हावं ते लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी दोनपर्यंत आले, मग उणे पाच, उणे बारा म्हणायला लागले, तेव्हा त्यांनीच हात जोडले.

माझ्यावर कोणाचं दडपण नाही, नशापाणी नाही. भीती मात्र आहे. भीतीपोटी केलेलं मृत्युपत्र कोर्टात टिकतं का, असं मी वकीलबाईंना विचारलं. वकीलबाई म्हणजे यामिनी देवचक्के, माझीच दहावी ब मधली विद्यार्थिनी. ती म्हणाली, "बाई, दुसऱ्याने घातलेली भीती असेल तर टिकत नाही. स्वतःची असेल तर चालतं." तेव्हा ही भीती माझी स्वतःची आहे, असं इथे नमूद करते.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. दोनदा करायला बसले होते. दोन्ही वेळा कलम सातपाशी आले आणि कागद फाडला. यंदा जून महिन्यात छातीत कळ आली, नगरला दवाखान्यात नऊ दिवस काढले, आणि तिथे छताकडे बघत ठरवलं की आता फाडायचं नाही. म्हणून या वेळी मी सांगते आणि यामिनी टाईप करते. तिच्या समोर फाडायची मला लाज वाटेल.

कलम २. पारनेरमधलं माझं राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची मोरी आणि लिंबाच्या झाडासकट, हे स्वकष्टार्जित असून त्यावर कोणाचा बोजा नाही. ते माझ्या पश्चात भीमाबाई श्रीमंत दहिफळे यांना मिळावं. माझा भाचा चि. अनीश याला राग येईल. त्याचा पुण्यात फ्लॅट आहे, तरी राग येईल, कारण रागाचा आणि गरजेचा संबंध आमच्या घराण्यात कधीच नव्हता. त्याने कलम सात वाचावं आणि मग राग शिल्लक राहिला तर यामिनीकडे यावं. भीमाबाईंनी घर नको म्हटलं तर मात्र त्यांना आग्रह करू नये.

कलम ३. माझ्या वडिलांची पुस्तकं थोरल्या भावाने १९९४ साली टेम्पोत भरून नेली. त्यात त्यांचा तांबड्या पेन्सिलीने खुणा केलेला शब्दकोश होता, जो त्यांनी मला देतो म्हटलं होतं. मी तो एकतीस वर्षं मनातल्या मनात परत मागते आहे. आता सोडला. वडील आम्हां मुलांचे निबंध तपासायचे तेव्हा चुका काढत नसत, शब्द काढत असत. "हा नको. हाही नको." सगळं खोडून झालं आणि तरी अर्थ तसाच राहिला की खूष व्हायचे. त्यांच्याकडून मला मिळालेलं एकमेव कौतुक असं होतं: "दमे, ह्यातलं आता काढण्यासारखं काही नाही." हे इथे लिहिते, कारण पुढचं सगळं या एका वाक्याने झालं आहे. वडिलांना दोष देत नाही. ते निबंधच तपासत होते.

कलम ४. बँकेत जे असेल त्यातून माझा दवाखाना आणि अंत्यविधी भागवावा, उरेल ते शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावं. तेराव्याला गोडाधोडाचं करू नये.

कलम ५. माझा संगणक, प्रिंटर, आणि कपाटातल्या अठरा वह्या यांच्याबद्दल.

१९८८ साली आमच्या शाळेत दोन संगणक आले आणि ते खोलीत बंद करून ठेवले गेले. आत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे भ्यायचे. शेवटी किल्ली गणिताच्या बाईंकडे आली, म्हणजे माझ्याकडे. मी अनवाणी बसून त्याच्यासोबत आलेलं पुस्तक वाचलं आणि शिकले. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे संध्याकाळी घरी कोणी वाट बघत नव्हतं. लग्न का केलं नाही हे कलम या दस्तात नाही.

२००६ मध्ये डोंगरपट्ट्यातल्या सात गावांची पाणीपुरवठा संस्था झाली. एका तलावातून सात टाक्यांना पाणी. एका गावाची टाकी उतू जायची, दुसऱ्या गावात बाया रिकामे हंडे घेऊन संस्थेच्या दारात. मग संस्थेने शाळेला विचारलं. मी आणि सुश्रुत गंधे, आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, आम्ही दोघांनी मिळून प्रोग्रॅम लिहिला. कुठल्या टाकीत किती पाणी आहे ते बघायचं, त्याप्रमाणे पंप सुरू करायचा, बंद करायचा. एवढंच. पण चाललं. भांडणं थांबली.

आमची दोघांची मात्र सुरू झाली. गंधे सर म्हणायचे, "बाई, हे शास्त्र आहे. काय काय बिघडू शकतं ते आधी मोजायचं, आणि मग लिहायचं."

मी म्हणायचे, "सर, मोजणारे हजार मिळतील. नको ते ओळखून काढणारा एखादाच. ही कला आहे."

"आपल्याला सुंदर दिसतंय म्हणून ते बरोबर होत नाही हो."

"आणि अगडबंब दिसतंय म्हणून पण होत नाही."

स्टाफरूममध्ये लोक चहा घेऊन ऐकायला बसायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

प्रोग्रॅम तीनशे चाळीस ओळींचा होता. त्यातल्या चाळीस ओळी गंधे सरांच्या. पंपघरात हा प्रोग्रॅम चालवणारं मशीन वीस तासांपेक्षा जास्त बंद राहून पुन्हा चालू केलं, तर आधी दोन मिनिटं भोंगा वाजायचा, आणि मग उतारावरच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी जाऊन कोणीतरी हाताने किल्ली फिरवेपर्यंत पंप सुरू व्हायचा नाही. एका अटीत दुसरी अट, दुसरीत तिसरी. वाचताना ठेच लागायची. आणि मशीन वीस तास बंद असं कधी राहतच नव्हतं. २००९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या चाळीस ओळी काढून टाकल्या. तीनशे ओळी राहिल्या. त्या मी प्रिंट काढून भिंतीवर लावल्या होत्या. खरंच सांगते, ते पान बघून मला वडिलांचं वाक्य ऐकू आलं.

सरांनी विचारलं, "का काढल्या?"

मी म्हटलं, "दिसायला वाईट होत्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि निघून गेले. ते आजपर्यंत माझ्याशी बोललेले नाहीत.

पुढच्या वर्षी नगरच्या एका महाविद्यालयात माझं भाषण झालं, 'प्रोग्रॅमिंग: कला की शास्त्र?' टाळ्या पडल्या. वार्षिक अंकात ते छापून आलं. त्यात एक वाक्य आहे: "उत्तम प्रोग्रॅम कोणता, तर ज्यातून एकही ओळ कमी करता येत नाही." त्या अंकाच्या सतरा प्रती माझ्याकडे आहेत. त्या जाळू नयेत. प्रत्येक प्रतीत त्या पानावर एक चिठ्ठी चिकटवून, तिच्यावर श्रीमंत दहिफळे यांचं नाव आणि २४ ऑक्टोबर २०१२ ही तारीख लिहून, मग शाळेच्या वाचनालयात द्याव्यात. संगणक आणि वह्याही शाळेला.

कलम ६. हे कलम यामिनीने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "बाई, असं कलम मृत्युपत्रात नसतं." मी म्हटलं, टाईप कर.

संस्थेचा पंप ऑपरेटर कल्याण श्रीमंत दहिफळे, वय बत्तीस, याला दरवर्षी खंडेनवमीला सकाळी नऊपासून ते दसऱ्याला संध्याकाळपर्यंत कोणीतरी जेवायला आणि मुक्कामाला बोलावून पारनेरला ठेवून घ्यावं. कारण काहीही सांगावं. पुरणपोळी, कडबोळी, गॅसची शेगडी दुरुस्त करायची आहे, म्हातारीला सोबत हवी आहे, काहीही. पण तो त्या दोन दिवसांत पंपघरावर नसावा. गेली बारा वर्षं हे मी केलं. माझ्या पश्चात अनीशने करावं.

यामिनीने टाईप करणं थांबवून विचारलं, "आणि अनीश विसरला तर?"

मला त्याच भीतीने झोप नाही.

कलम ७. श्रीमंत दहिफळे हे मूळचे पूर्वेकडचे, पाथर्डी बाजूचे. दिवाळीनंतर बायको-पोरासह उसाच्या फडावर जाणारं कुटुंब. पंपावर नोकरी लागली तेव्हा कोयता घरात खुंटीला टांगला आणि भीमाबाईंना म्हणाले की आता पोराची शाळा बुडायची नाही. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. माणूस बोलका. पहिल्या दिवशी माझ्या मशीनपुढे उभे राहून विचारलं, "बाई, कोयता मारनाऱ्याला फड दिसतो. तुमच्या ह्याला काय दिसतं?"

मी म्हटलं, "टाकीतलं पाणी दिसतं."

"मानूस न्हाई दिसत?"

मी हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे मी तेरा वर्षं शोधते आहे.

त्यांची एक सवय होती. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात, आठ फूट खाली, उतरायचं असलं की आधी पंपाची फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचे. माणूस खड्ड्यात, फ्यूज माणसाजवळ. शाळा चौथी झालेल्या माणसाने स्वतः शोधलेला उपाय होता. पण फ्यूज काढली की माझ्या मशीनने सुरू केलेला पंप चालत नसे, प्रोग्रॅम सगळ्या वेळा चुकवायचा, आणि मला एसटीने तिथवर जाऊन सगळं पुन्हा बसवावं लागायचं. चार वेळा गेले. पाचव्या वेळी वैतागले. वहीचं पान फाडलं, त्यावर स्केचपेनने लिहिलं, 'फ्यूज काढू नये. मशीन काळजी घेईल. दमयंती निसळ.' आणि ते पंपघरात चिकटवलं.

श्रीमंतनी वाचलं. म्हणाले, "तुमी म्हनताय तर न्हाई काढत."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजतात. शेतकरी नांगर पूजतो, वाणी तराजू पूजतो, संस्थेने मशीन पूजायचं ठरवलं. २०१२ साली पहिल्यांदाच. खंडेनवमीला सकाळी मशीन बंद केलं, धुतलं-पुसलं, झेंडूची माळ घातली, आणि पुजलेल्या हत्याराला दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत हात लावायचा नाही म्हणून तसंच ठेवलं. वीस तास होऊन गेले. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मशीन कधी वीस तास बंद राहत नाही, असं मी गृहीत धरलं होतं, आणि खंडेनवमी मी जन्मापासून बघते आहे.

दसऱ्याला दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांचा मुहूर्त. मला मानाने बोलावलं होतं. मी मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, बाहेर वाजंत्री लागली, आणि मी बटण दाबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीनने बघितलं, टाक्या रिकाम्या. त्याच क्षणी पंप सुरू झाला.

श्रीमंत खड्ड्यात होते. पाइप रिकामे आहेत, कधी नव्हे ती अशी संधी, म्हणून पूजा चालू असताना त्यांनी व्हॉल्व्हचं झाकण खोलून आतला गाळ काढायला घेतला होता. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणाला सांगायची गरज नव्हती. मशीन काळजी घेणार होतं.

भीमाबाई आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आल्या होत्या. त्यांनी मला सोनं दिलं आणि उताराकडे बघून विचारलं, "व्हय ओ बाई, खड्ड्यातनं पानी का येतंय?"

मी म्हटलं, "व्हॉल्व्ह गळत असेल."

मी पोहोचले नाही तोवर लोकांनी त्यांना वर काढलं होतं. सगळे तिथे होते. पंपघरात कोणी नव्हतं. मी परत आत गेले आणि भिंतीवरचं ते पान फाडून पर्समध्ये घातलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या हाताने ते आपण होऊन केलं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खोटं आहे. चिकटपट्टीचे चारही तुकडे मी नखांनी खरवडून काढले. त्याला वेळ लागतो.

चौकशी झाली. 'मयताने फ्यूज न काढता खड्ड्यात उतरून निष्काळजीपणा केला.' माझा अभिप्राय मागवला होता. मी लिहून दिलं, 'प्रोग्रॅममध्ये कोणताही दोष आढळला नाही.' हे वाक्य अक्षरशः खरं आहे. प्रोग्रॅमने मी लिहिलं होतं तेच केलं.

तेव्हापासून त्या सात गावांत कोणी हयगय केली की म्हणतात, "श्रीमंत्या करू नको." मी हे माझ्या कानाने ऐकलं आहे, आणि गप्प बसले आहे.

ते पान माझ्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात, साडीच्या घडीत आहे. ~~ते भीमाबाईंना द्यावं.~~ (द. वि. निसळ)

कलम ८. सदर प्रोग्रॅम आजही चालू आहे, आणि दर खंडेनवमीला मशीन बंद ठेवून पूजणंही. त्याचा पासवर्ड फक्त मला ठाऊक असून तो यामिनीकडे बंद पाकिटात दिला आहे.

मी दुरुस्त का केला नाही, असं कोणीही विचारील. २०१३ साली उघडला, २०१६ साली उघडला. त्या चाळीस ओळी परत घालायच्या म्हणजे संस्थेच्या संचालक मंडळाला कारण सांगावं लागणार. संस्थेचे लोक म्हणायचे, "चाललंय ना बाई? मग कशाला हात लावायचा?" मला तेच ऐकायचं असायचं. मी बंद करून घरी यायचे. कल्याणला बापाच्या जागी नोकरी लागली. त्या दोन दिवसांत मी त्याला जेवायला बोलवायचे, आणि खड्ड्याची सफाई तो पुढे एखाद्या रविवारी मशीन दोन तास बंद ठेवून करायचा. दोन तासांत टाक्या रिकाम्या होत नाहीत, म्हणून पंप लगेच सुरू होत नाही; धोका नाही. मला वाटलं, एवढ्यावर निभेल. त्याचा फोन आला की आधी कॅलेंडरकडे बघायची मला सवय लागली आहे.

आता दोन गोष्टी झाल्या आहेत. एक, नव्या पॅनेलमध्ये खिशात टाकायला फ्यूजच नाही, नुसतं बटण आहे, आणि सगळ्यांना वाटतं ते बटण पंप बंद करतं. तसं नाही. ते बटण माझ्या प्रोग्रॅमला विनंती करतं. दोन, अनीशने हा प्रोग्रॅम 'आत्याचा क्लासिक' म्हणून आणखी अकरा पाणी योजनांना बसवून द्यायचं कबूल केलं आहे, मुहूर्त दसऱ्याचा. भिंतीवरच्या त्या तीनशे ओळी वाचून म्हणाला, "आत्या, काय देखणा कोड आहे गं! एक ओळ जास्त नाही." अकरा ठिकाणी अकरा माणसं खड्ड्यात उतरणार. मी किती जणांना पुरणपोळीला बोलावू?

अनीशला या प्रोग्रॅमची नक्कल करण्यास, विकण्यास, देण्यास मी या कलमाने सक्त मनाई करते.

इथपर्यंतचा मजकूर टाईप केलेला आहे. पुढचा माझ्या हस्ताक्षरात आहे. अक्षराबद्दल माफी असावी.

कलम ९. आज शनिवार. साक्षीसाठी मी गंधे सरांना फोन केला होता. सोळा वर्षांनी. ते "येतो" एवढंच म्हणाले आणि आले. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, सही होताना नुसतं बघायचं असतं. मी त्यांना सगळं वाचायला दिलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट जुळवून माझ्यापुढे ठेवले. मी वाट बघत होते की म्हणतील, मी सांगितलं होतं. म्हणाले नाहीत, तेव्हा जास्त वाईट वाटलं.

यामिनी म्हणाली, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. खंडेनवमी बुधवारी आहे."

मी म्हटलं, "कल्याणला बोलावते ना जेवायला."

"तो यंदा येणार आहे?"

नव्हता. परवाच फोनवर म्हणाला होता, "बाई, यंदा तुमी आजारी. माजं करत बसू नका. मी दसऱ्यालाच खड्डा साफ करून घेतो, मदतीला मानसं बी हायेत." मी "बरं" म्हणाले होते. बरं! आणि आज घरी बसून मी मेल्यानंतरची व्यवस्था लावत होते. मी कल्याणला वाचवायला हा कागद करत नव्हते. त्याच्या तोंडावर सांगावं लागू नये म्हणून करत होते. हेही लिहिते.

मी कल्याणला फोन करून बोलावून घेतलं. तासाभरात मोटारसायकलवर आला. मला पुन्हा कळ आली असं समजून धापा टाकत आला. मी त्याला बसवलं आणि कलम सात मोठ्याने वाचलं. मध्ये दोनदा थांबले, दोन्ही वेळा मीच पुन्हा सुरुवात केली.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मंग बारा वर्सं मी तुमच्या घरी कशाचं जेवलो, बाई?"

मी कागद खाली ठेवला.

"मी आईला सांगायचो, बाईंचा लई जीव हाय माज्यावर."

"जीव होता रे, कल्याण."

"असंल. पर भ्या जास्त हुतं." आणि मग एकदम उठून उभा राहिला. "माज्या बापाला समदी गावं हयगयी म्हनत्यात! पारावर म्हनायचे, पंपावर म्हनत्यात, माज्या लग्नात म्हनले! तुमी लग्नाला आल्ता की. तुमी आहेर केला. तुमाला एक शब्द बोलाया काय झाल्तं?"

यामिनी त्याला शांत करायला पुढे झाली. मी तिला अडवलं. त्याचं बोलणं तेरा वर्षं उशिरा होत होतं, त्याला थांबवायचा हक्क कोणाला नव्हता.

शेवटी तो म्हणाला, "चला. आधी ते बंद करा. मंग आईकडं."

कलम १०. आम्ही चौघे यामिनीच्या गाडीतून पंपघरावर आलो. वाटेत गंधे सरांनी एकदाच विचारलं, "बाई, अजून कलाच म्हणता?" मी म्हटलं, "काय म्हणायचं ते ज्याने त्याने म्हणावं, सर. लिहिताना मला भीती वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही, आणि नंतर तेरा वर्षं वाटून काही उपयोग झाला नाही."

चार वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या हाताने प्रोग्रॅम थांबवला. बटणावर विसंबलो नाही. कल्याणने खांबावरून येणारी मुख्य लाईनच तोडली आणि तिच्यावर कुलूप घातलं. किल्ली त्याच्याकडे आहे. अनीशला यामिनीने फोन करून नव्या ठिकाणचं काम थांबवायला सांगितलं आणि कलम सातचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

उद्यापासून सात गावांना नळाचं पाणी नाही. गंधे सर म्हणतात चार दिवस लागतील. त्यांच्या जुन्या ओळी त्यांनी ठेवलेल्या नाहीत. नव्या लिहायच्या आहेत, आणि त्या कल्याणला शेजारी बसवून लिहायच्या, खड्ड्यात तो उतरतो म्हणून. तोपर्यंत टँकर. संस्थेच्या चेअरमनचा फोन आला: "चाललेलं मशीन बंद करायला तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "श्रीमंत दहिफळे माझ्यामुळे मेले. चौकशीत मी खरं लपवलं. सोमवारी पोलीस ठाण्यात आणि तुमच्या मंडळापुढे हेच सांगायला येते." पलीकडून फोन बंद झाला.

सबब कलम ६ रद्द करते. आता त्याची गरज नाही आणि मला तो अधिकारही नाही.

या दस्ताची अंमलबजावणी यामिनी देवचक्के हिने करावी. मी जिवंत असतानाच कलम ७ कोणालाही, कुठेही वाचून दाखवण्यास माझी संमती आहे. खाडाखोड केलेल्या जागी माझी सही आहे.

भीमाबाईंचं घर इथून दिसतं. दार उघडं आहे, अंगणात त्या काहीतरी पाखडत बसल्या आहेत. कपाटातलं ते पान मी निघताना सोबत घेतलं आहे, माझ्या मरणानंतर देण्याची भाषा कलम सातमध्ये आहे ती खोडली. मी कल्याणला म्हटलं, तू चल माझ्याबरोबर. तो पायरीवर बसला आहे. "न्हाई. मी आलो तर ती माज्याकडं बघंल. तुमी एकट्या जावा."

दवाखान्यातसुद्धा एवढी भ्याले नव्हते. इथे सही करते आणि जाते.

ठिकाण: ~~पारनेर~~ सात गाव पाणीपुरवठा संस्थेचं पंपघर. (द. वि. निसळ)
तारीख: २७ सप्टेंबर २०२५, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे

(सही) दमयंती विष्णुपंत निसळ

साक्षीदार:

१) सुश्रुत गंधे, निवृत्त शिक्षक, पारनेर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मशीन माझ्यासमोर बंद केलं.

२) ॲड. यामिनी देवचक्के, पारनेर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. सही करून त्या उतारावरून खाली भीमाबाई दहिफळे यांच्या घराकडे गेल्या. मी ही ओळ लिहीत असताना भीमाबाईंनी त्यांना पाहिलं आहे आणि बसायला पाट मांडला आहे. बाई अजून बसलेल्या नाहीत.